गल्ला एकच, हात दोन: शेल स्क्रिप्टमधलं 'लोकल' का महत्त्वाचं?



दिवसाच्या विक्रीची बेरीज करायला बरेच जण छोटी बॅश स्क्रिप्ट लिहितात. आज त्यातली अशी एक चूक बघू, जी एरर दाखवत नाही, फक्त हिशोब चुकवते. धंद्यात अशीच चूक महाग पडते.

समजा, आज तीन बिलं झाली: १०००, ५०० आणि २००० रुपयांची. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ग्राहकांकडून ११८०, ५९० आणि २३६० रुपये आले. बेरीज ४१३०. ही बेरीज मुख्य स्क्रिप्टमध्ये 'टोटल' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली.

एका बिलाचा हिशोब करायला आपण फंक्शन केलं. त्यातही किंमत अधिक कर साठवायला सवयीनं 'टोटल' हेच नाव दिलं आणि तोच आकडा पुढे 'रक्कम' मध्ये ठेवला. बाहेर आल्यावर मुख्य स्क्रिप्ट 'टोटल' मध्ये 'रक्कम' मिळवते. दिसायला सगळं बरोबर. पण उत्तर येतं ४७२०!

असं का झालं? बॅशमध्ये फंक्शनच्या आत दिलेलं व्हेरिएबल आपोआप वेगळं होत नाही. ते सगळ्या स्क्रिप्टचं असतं, म्हणजे ग्लोबल. त्यामुळे प्रत्येक बिलाला फंक्शननं आधीची बेरीज पुसून त्या जागी त्या एका बिलाचा आकडा ठेवला. तिसऱ्या बिलाला 'टोटल' झालं २३६०, त्यात परत २३६० मिळवले, झाले ४७२०. पहिली दोन बिलं गायब आणि शेवटचं दोनदा! आकडा खरा वाटण्याइतका जवळचा आहे, म्हणून शंकाही येत नाही.

दुकानाचंच उदाहरण घ्या. हाताखालच्या मुलानं सुट्टे मोजायला मालकाचा गल्लाच वापरला, तर हिशोब बिघडणारच. त्याला वेगळा डबा द्या. स्क्रिप्टमध्ये तो डबा म्हणजे 'लोकल' हा शब्द. फंक्शनच्या आत 'टोटल' च्या आधी 'लोकल' लिहा. फंक्शन संपलं की तो डबा जातो आणि बाहेरचा गल्ला जसाच्या तसा राहतो. आता बेरीज ४१३० येईल. 'रक्कम' ला मात्र 'लोकल' लावू नका, कारण ती बाहेर हवी आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. 'लोकल' फक्त फंक्शनच्या आत चालतं. बाहेर लिहिलं तर बॅश एरर देतो.

२. एका फंक्शननं दुसऱ्याला बोलावलं, तर पहिल्याचं लोकल व्हेरिएबल दुसऱ्याला दिसतं आणि ते बदलताही येतं. म्हणून प्रत्येक फंक्शनमध्ये आपापलं 'लोकल' लिहा.

३. व्हेरिएबलमध्ये एखाद्या कमांडचं उत्तर घ्यायचं असेल, तर एका ओळीत 'लोकल' लिहा आणि उत्तर पुढच्या ओळीत घ्या. दोन्ही एकत्र लिहिलं, तर कमांड फसली तरी बॅश काम यशस्वी झालं असंच धरतो.

आज एवढंच करा. तुमची स्क्रिप्ट उघडा, प्रत्येक फंक्शन बघा आणि विचारा: हे व्हेरिएबल बाहेर लागणार आहे का? नसेल तर 'लोकल' लावा. मग तीन बिलं हातानं, कॅल्क्युलेटरवर मिळवून उत्तर ताडून बघा. आकडा जुळला, की मगच स्क्रिप्टवर विश्वास ठेवा!