‘ऊपर का नक्को लेव’

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत, त्यागराय गानसभेपासून हाकेच्या अंतरावर, आमची डीटीपीची खोली आहे. तेलुगू लग्नपत्रिका, इथल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिका आणि पुढे लग्नांचे व्हिडिओ, असं काम वाढत गेलं. पंचवीस वर्षांत सहा संगणक झाले, सगळे सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून जुळवून आणलेले. दर वेळी काउंटरवर एकाच प्रश्नाशी अडायचो: सगळ्यात वरचा प्रोसेसर घ्यावा का? परवा जुन्या पावत्या चाळल्या आणि माझं मत आणखी पक्कं झालं.

पहिला संगणक 1999 चा. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंटेलने पेंटियम टू 450 आणि सेलेरॉन 300ए एकाच वेळी बाजारात आणले होते. अमेरिकेतला घाऊक भाव पहिल्याचा 669 डॉलर, दुसऱ्याचा 149. माझं मन अर्थातच पेंटियमवर. दुकानातला पोरगा म्हणाला, “साब, ऊपर का नक्को लेव. बचे सो पैसे रॅम में डालो.” हैदराबादी बोलीतला तो ‘नक्को’ आपलाच ‘नको’, म्हणूनही असेल, पण मी ऐकलं.

मग त्याने सेलेरॉनचं कार्ड हातात घेतलं, सोनेरी पट्ट्यांच्या रांगेतली बी-21 नंबरची पट्टी मोजून काढली आणि तिच्यावर नखाएवढा टेपचा तुकडा चिकटवला. एवढ्याने मदरबोर्ड 66 ऐवजी 100 मेगाहर्ट्झची बस धरायचा. आतला गुणक साडेचारचा, त्यामुळे 300 ची चिप 450 वर धावू लागायची. तिची कॅश मेमरी 128 केबीच, पण चिपच्या पोटातच आणि पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची 512 केबी असली तरी निम्म्या वेगाची. म्हणून बऱ्याच कामांत दोघं बरोबरीला यायचे. मे महिन्यात मात्र खोली तापली की संगणक गोठायचा. मग दुपारी टेप काढून 300 वर यायचं आणि रात्री पुन्हा लावायचा. पेजमेकरच्या पानांना त्याने काही फरक पडत नसे. उशीर व्हायचा तो हार्ड डिस्क आणि प्रिंटरपाशी.

वरचा प्रोसेसर मी एकदाच घेतला, 2004 मध्ये. हौसेने, आणि थोडा शेजारच्या दुकानदाराशी असलेल्या चढाओढीने. तो काळ मेगाहर्ट्झचा होता. आकडा मोठा म्हणजे संगणक मोठा. पेंटियम फोरची एक्स्ट्रीम एडिशन हजार डॉलरच्या घरात होती. मी तिच्या खालची, पण साध्या आवृत्तीतली सगळ्यात वेगवान चिप घेतली. पंख्याचा आवाज इतका, की ग्राहकाशी फोनवर बोलायला बाहेर यावं लागे. त्याच ऑक्टोबरात इंटेलने 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरचा बेत सोडला. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की वीजही त्याच प्रमाणात कमी लागेल, हा जुना हिशेब उष्णतेपुढे मोडला होता. 2006 च्या जुलैत कोअर टू ड्युओ आला. त्यातल्या 183 डॉलरच्या धाकट्या चिपसमोरही माझी चिप म्हातारी वाटू लागली. दोन वर्षांत! त्या पैशांत दोन मॉनिटर आले असते, ही खंत मला आजही आहे.

महागड्या चिपचं दुखणं इथेच आहे. वरच्या दहा-पंधरा टक्के वेगासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचे, आणि तो वेग पुढच्या दोन-तीन वर्षांत मधल्या पायरीवर येऊन बसतो. इंटेलच्याच क्यू-6600 या चिपचा भाव बघा: जानेवारी 2007 मध्ये 851 डॉलर, त्याच जुलैत 266. मी तो त्यानंतर घेतला. 2012 मध्ये त्यात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा पंचवीस वर्षांतला सगळ्यात मोठा फरक जाणवला. प्रोसेसरला हातही न लावता.

मग व्हिडिओ आले, आणि इथे मला माझंच मत थोडं बदलावं लागलं. पानं लावताना प्रोसेसर बहुतेक वेळ माणसाची वाट बघत असतो. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना माणूस प्रोसेसरची. शिवाय एक्स्पोर्टचं काम बऱ्यापैकी वाटून देता येतं, म्हणून जास्त कोअर खरोखर कामी येतात. जो भाग वाटता येत नाही तो शेवटी वेगाला लगाम घालतो, हे जीन अॅमडालने 1967 मध्येच दाखवलं होतं. पण आमच्या कामात तो भाग लहान. पंचाईत अशी की अनेक वर्षं इंटेलच्या साध्या श्रेणीत चार कोअरच मिळत. 2016 मध्ये आठ कोअरचा आय-7 6900के 1089 डॉलरला होता. मार्च 2017 मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन 1800एक्स 499 ला आणला, तेव्हा आतापर्यंत आपण कोअरचे कमी आणि स्पर्धा नसल्याचे जास्त पैसे मोजत होतो, हे लख्ख दिसलं.

2019 मध्ये मी बारा कोअरचा रायझन 3900एक्स घेतला. तोही तेव्हाच्या मानाने महागच, पण त्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही. रात्रभर चालणारं एक्स्पोर्ट जेवण होईपर्यंत उरकू लागलं आणि लग्नसराईत आठवड्याला एक काम जास्त घेता येऊ लागलं.

आता मुलगी काम बघते. तिला इंटेलचा आय-9 हवा होता. 2024 मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या चिपा अस्थिर होत असल्याच्या तक्रारींवरून कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली, हे तिला माहीत होतं. तरी मी नाही म्हटलं नाही. “बाबा, मग ठरवायचं कसं?” तिने विचारलं. आम्ही टास्क मॅनेजर उघडा ठेवला, आणि आठवडाभर तिने वहीत लिहिलं: कुठल्या कामात सगळे कोअर भरतात, कुठे दोनच, आणि ती नुसती थांबून राहते ती किती मिनिटं. शनिवारी ती वही घेऊनच आम्ही चेनॉयला गेलो. रॅम दुप्पट केली, नवी एसएसडी घेतली. प्रोसेसर तोच ठेवला.