आप्तवचन ते अनुमान : ऑनलाइन बायोडेटा मालकाच्या नजरेत कसा येतो?

महाड-पोलादपूरची मुलंमुली शिक्षण संपलं की बायोडेटा पोर्टलवर टाकतात आणि वाट बघत बसतात. फोन येत नाही. मग म्हणतात, ‘ऑनलाइनचं काही खरं नसतं.’ आज आपण हा प्रश्न जरा मुळापासून पाहू. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा सुरुवात न्यायशास्त्रापासून करतो. शेवटी एमआयडीसीच्या गेटपर्यंत पोहोचूच.

न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणे मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे, विश्वासार्ह माणसाचे वचन. गंमत बघा, व्यवहारातल्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक! कोकणातून मुंबईला गेलेल्या पिढ्यांना काम मिळालं ते बहुतेक या दोन अर्थांच्या जोरावर. गिरणीतला जॉबर गावचा नाहीतर नात्यातला असायचा. ‘पोरगा आपला आहे’ म्हणाला, की झालं.

पण ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कुणी नाही, त्याचं काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय सांगायचे, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच्या आदल्याच वर्षी, 20 मार्च 1927 ला, याच महाडात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. म्हणून ओळखीपाळखीशिवाय कुणालाही आपलं नाव मांडता येईल अशी जागा असणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आज केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, 2015 पासून. राज्याचं महास्वयम आहे. खासगी पोर्टलही आहेत.

मग अडतं कुठे? पोर्टलवर आप्त नाही. वाचणारा आपल्याला ओळखत नाही, त्याला अनुमान करावं लागतं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, असं आपण म्हणतो. अग्नी असेल पण धूर दिसलाच नाही, तर तिकडे कोण बघणार? बायोडेटात धूर दिसला पाहिजे.

पहिली गोष्ट : मालक बायोडेटा एकेक वाचत नाही, शोधतो. कारखान्यातला भरती करणारा माणूस पदाचं नाव, ठिकाण आणि अनुभव टाकून यादी काढतो. आपण नुसतं ‘आयटीआय पास’ लिहिलं आणि त्याने ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ शोधलं, तर आपण त्या यादीत येऊच असं नाही. ट्रेडचं पूर्ण नाव लिहा, प्रचलित लघुरूपही लिहा. महाडच्या एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. तिथल्या जाहिराती वाचा आणि जे आपल्याला खरोखर येतं, ते त्यांच्याच शब्दांत मांडा. पोलादपूरचा मुलगा पत्त्यात फक्त पोलादपूर लिहितो. कामाच्या पसंतीच्या ठिकाणांत महाडही हवं. आणि बायोडेटाचा मोबाइलवर काढलेला फोटो चढवू नका. फोटोतली अक्षरं शोधात सापडतीलच याचा भरवसा नसतो.

दुसरी गोष्ट : प्रतिज्ञा आणि हेतू. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ ही प्रतिज्ञा झाली. हेतू कुठे आहे? ‘एक वर्ष अप्रेंटिस, तिन्ही पाळ्यांत रिअॅक्टरवर काम, रोजचं लॉगबुक लिहिलं’ हा हेतू. मेहनती हा शब्द न लिहिताही मालक तो निष्कर्ष स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणसाचा विश्वास जास्त बसतो. अनुभव नसेल तर प्रशिक्षणात कोणती यंत्रं हाताळली ते लिहा. पण खोटा हेतू देऊ नका. न्यायशास्त्रात त्याला हेत्वाभास म्हणतात. मुलाखतीत तो दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

तिसरी : बायोडेटा जिवंत ठेवा. अलीकडे कोण सक्रिय होतं हे पोर्टलवर भरती करणाऱ्याला दिसतं. महिन्यातून एकदा तरी उघडा, नवं काही शिकला असाल तर जोडा, बदललेला मोबाइल नंबर आधी दुरुस्त करा. नुसतं टाकून थांबू नका. जागा दिसली की स्वतः अर्ज करा. आणि नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा. आधार क्रमांक बायोडेटावर लिहायचं काही कारण नाही.

आता प्रश्न उरतो : आप्त संपला का? नाही. शास्त्रातला आप्त म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तसंच सांगतो. आपलं काम पाहिलेला आयटीआयचा निदेशक, अप्रेंटिसशिपमधला सुपरवायझर हे खरे आप्त. त्यांना विचारून त्यांचं नाव द्या. काकामामांचा शब्द आपण कुणाचे आहोत हे सांगतो. या माणसांचा शब्द आपल्याला काय येतं ते सांगतो. मालकाला जाणून घ्यायचं असतं ते हेच.