प्लास्टिक तरंगतं, कयाक तरंगेलच असं नाही

पावसाळा ओसरला की मला फोन येऊ लागतात. "दादा, एक जुनी कयाक मिळतेय, जरा बघायला येता का?" कुणी नागावचा असतो, कुणी मालवणचा, कुणी पुण्यात राहून सुट्टी मिळाली की कोकणात उतरणारा. मी पहिल्यांदा विचारतो, आतल्या भिंती तपासल्यात का? उत्तर ठरलेलं असतं: "प्लास्टिकची आहे हो, ती कशी बुडेल?"

विकणाराही हेच सांगतो. पूर्वी मी हसून सोडून द्यायचो. आता राग येतो, कारण या एका वाक्याच्या भरवशावर माणसं समुद्रात जातात.

आधी हिशेब करू. या कयाक पॉलिइथिलीनच्या असतात. त्याची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच कमी, साधारण ०.९५. समुद्राच्या पाण्याची १.०२५. कयाकचं वजन २७ किलो धरलं, तर ते प्लास्टिक पूर्ण बुडाल्यावर २९ किलोंच्या आसपास पाणी बाजूला सारतं. म्हणजे प्लास्टिकच्या अंगची उचल दोन-अडीच किलो. त्यातून स्क्रू, तारा आणि बकलांचं वजन वजा करा. उरलेल्या उचलीवर पाण्याची एक भरलेली बाटली डेकवर ठेवता येईल की नाही, शंकाच आहे. साठ-सत्तर किलोंचा माणूस तर सोडाच.

कयाकला तोलून धरते ती आतली हवा. समुद्री कयाक म्हणजे किनाऱ्यावर पर्यटकांना वर बसवून फिरवतात ती उघडी कयाक नव्हे. ही पाच मीटरच्या आसपास लांब, ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद, आत पाय लांब करून बसायची. बैठकीच्या पुढे आणि मागे एकेक आडवी भिंत असते, तिला बल्कहेड म्हणतात. या भिंतींमुळे नाळेकडे आणि मागच्या टोकाकडे दोन बंद कप्पे तयार होतात. कयाक उलटली, तर पाणी फक्त मधल्या भागात भरतं. कप्प्यांतल्या हवेवर ती तरंगत राहते, तुम्ही परत चढता आणि पाणी उपसता. भिंत गळत असेल, तर पाणी कप्प्यांतही शिरतं. अशा कयाकमध्ये एकूण ३०० लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे तीनशे किलो. ते समुद्रात कोण उपसणार? एकच कप्पा भरला, तर ते टोक खाली जातं, दुसरं आभाळाकडे उभं राहतं आणि तुमच्या हातात धरायला काही उरत नाही.

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांच्या सीलच्या कातड्याच्या कयाकमध्ये भिंती नव्हत्या, हे खरं. पण त्यांचा वल्हवणारा 'तुइलिक' नावाचा जलरोधक अंगरखा घालायचा आणि त्याची खालची कड बैठकीच्या कडेवर घट्ट बसवायचा. उलटला तरी तो आतच राहून वल्ह्याच्या जोरावर सरळ व्हायचा. हवा आत ठेवायची आणि पाणी बाहेर, हे त्यांनाही चुकलं नव्हतं.

पाणी भरलेल्या कयाकचा भरवसा नसतो, हे खोटं वाटत असेल त्यांनी १९९३ च्या लाइम बे दुर्घटनेची माहिती वाचावी. २२ मार्च रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिसहून आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन जवळच्या चारमथकडे निघाले. वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. बैठकीभोवतीचं भोक झाकणारे स्प्रेडेक नव्हते. लाटांचं पाणी कयाकमध्ये भरत गेलं, मुलं पाण्यात पडली आणि खोल समुद्राकडे ओढली गेली. चार मुलं गेली. त्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटनने मुलांच्या साहसी उपक्रमांच्या सुरक्षेसाठी कायदाच केला. तिथे थंडीने घात केला, आपल्या किनाऱ्यावर पाणी तेवढं गार नसतं. पण जमिनीकडून येणारा वारा आपल्याकडेही आहे. शाळेत शिकलेले मतलई वारे ते हेच. हिवाळ्यात पहाटे ते समुद्राकडे वाहतात, किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, कारण तिथे वाऱ्याला लाट उठवायला जागाच मिळालेली नसते. अर्धा-पाऊण किलोमीटर आत गेल्यावर चित्र बदलतं आणि परतताना वारा तोंडावर असतो. "पाणी शांत आहे, निघू या" हा दुसरा गैरसमज इथेच मोडावा.

तर भिंती तपासायच्या कशा? कयाक सपाट जागेवर ठेवा. पुढच्या कप्प्यात बादलीभर पाणी ओता, झाकण लावा आणि मागचं टोक खाली घ्या, म्हणजे पाणी भिंतीवर येऊन थांबेल. मधला भाग कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटं थांबा. मग मागच्या कप्प्याचं तसंच, पुढचं टोक खाली करून. कडेने पाणी झिरपलं, तर सील सुटलंय. प्लास्टिकच्या कयाकमध्ये या भिंती बहुधा फोमच्या आणि चिकटवलेल्या असतात, वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्यांची कड सुटते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: बऱ्याच भिंतींमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. उन्हात कप्प्यातली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट हवी असते. त्यातून थेंब आला तर तो दोष नव्हे. सुटलेली कड दुरुस्त होते, त्यासाठी सौदा मोडायची गरज नाही, किंमत तेवढी उतरवून घ्या. आणि दुरुस्ती झाल्यावरही दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या फुगवून कोंबून ठेवा. कप्प्यांच्या तोंडांची, म्हणजे हॅचची रबरी झाकणंही वाकवून बघा, भेगाळलेलं रबर लाटेपुढे टिकत नाही.

बाकीचे गैरसमज झटपट. ओरखडे म्हणजे कयाक खराब? नाही, वाळू-खडकांवरून ओढली की ते येणारच. खोल चर तेवढे बघा. प्लास्टिकला काही होत नाही? होतं, ऊन त्याला ठिसूळ करतं. झाकणाखालचा रंग आणि डेकचा रंग शेजारी ठेवून पाहा. डेक खडूसारखा पांढुरका पडला असेल किंवा बैठकीच्या स्क्रूंभोवती केसाएवढ्या चिरा असतील, तर घेऊ नका. भेग एपॉक्सीने भरता येते? पॉलिइथिलीनला ते धरत नाही, काही दिवसांत खपली निघते. त्याला त्याच प्लास्टिकचं वेल्डिंग लागतं, आणि क्रॉसलिंक्ड प्रकार असेल तर तेही होत नाही, कारण तो वितळतच नाही. पोटाला पडलेला खळगा मात्र घाबरण्यासारखा नाही. गरम पाणी ओतून आतून दाबला की बराच वर येतो. मागचं स्केग, म्हणजे तळातून पाण्यात खाली सोडायचं पातं, वळण्यासाठी असतं? उलट आहे. वारा बाजूने आला की नाळ वाऱ्याकडे फिरू पाहते, ते थोपवायला स्केग खाली सोडतात. त्याची तार वाळूने जाम नाही ना, हे विकत घेण्यापूर्वी दहादा वर-खाली करून बघा. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट डेकवर बांधून ठेवायचं? अंगावर घाला. उलटल्यावर एका हातात वल्हं आणि दुसऱ्यात कयाक असते, जॅकेट घालायला तिसरा हात नसतो.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. भरती लागल्यावर, कंबरभर पाण्यात, सोबत एक जाणता माणूस घेऊन ती मुद्दाम उलटवा. बाहेर या, परत चढा, पंपाने पाणी काढा आणि घड्याळ लावा. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली होती.