दाण्याच्या कुटाची कुकी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मध्ये शेलू लागतं. भाताच्या खाचरांशेजारी इथे आता सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या लहान स्वयंपाकघरांत मिक्सर हमखास असतो, ओव्हन मात्र क्वचितच. पीनट बटर कुकीची मोबाइलवरची पाककृती तर सुरुवातीलाच पीनट बटरची बरणी, ब्राउन शुगर, लोणी, अंडं आणि ओव्हन मागते. ही यादी वाचूनच अनेक जण बेत सोडून देतात. माझं म्हणणं असं की यातलं बहुतेक सामान अनावश्यक आहे. ज्या घरात दाण्याचं कूट होतं, तिथे या कुकीची अर्धी तयारी झालेलीच असते. फक्त परक्या पाककृतीचं प्रमाण जसंच्या तसं उचलायचं नाही.

कारण सगळा प्रश्न तेलाचा आहे. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल आणि पाव भाग प्रथिनं असतात. दाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून मिक्सरमध्ये फिरवले की आधी कूट होतं. उसळीसाठी किंवा भरल्या वांग्यांसाठी आपण तिथेच थांबतो. न थांबता, मधूनमधून भांडं निववत फिरवत राहिलं, तर दाण्यातलं तेल सुटतं, कुटाचा गोळा होतो आणि थोड्या वेळाने तोच गोळा सैल होऊन वाहू लागतो. हेच पीनट बटर. दुकानातल्या बऱ्याच बरण्यांत तेल वर तरंगू नये म्हणून हायड्रोजनेटेड वनस्पती तेल घातलेलं असतं. ही युक्ती 1920च्या दशकात अमेरिकेत जोसेफ रोझफिल्ड यांनी रूढ केली. आज फिरणाऱ्या बहुतेक पाककृती अशा घट्ट बटरसाठी लिहिलेल्या आहेत. घरचं बटर त्याहून पातळ असतं. त्यात तेवढंच लोणी ओतलं तर तेल सुटतं, कुकी पसरते आणि उचलताना मोडते. दोष हाताचा नसतो, प्रमाणाचा असतो. म्हणून 200 ग्रॅम घरच्या बटरला तूप 50 ग्रॅमच पुरे. त्यात 120 ग्रॅम कणीक, तेवढीच गुळाची पावडर, चिमूटभर मीठ, पाव चमचा सोडा आणि गोळा वळण्यापुरतं दोन-तीन चमचे दूध. अंडं लागत नाही. गूळ ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे ब्राउन शुगरचं काम तो करतो. सोड्याने रंग लवकर चढतो, म्हणून तो जपूनच घालावा.

यावर कोणी म्हणेल, मग कूटच घालून नानकटाई का करू नये? जरूर करावी. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी 1916 साली शेंगदाण्याचे 105 पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. तिच्यातल्या कुकीतही कुटलेले दाणेच आहेत. म्हणजे तिथेसुद्धा ही कुकी बरणीवाचून होत होती. (काट्याने फुलीसारखे दाबून काढलेले ठसे नंतरचे, 1930च्या दशकातले. ते नुसती शोभा नाहीत. हे पीठ जड असतं, दाबलं नाही तर मध्यभाग कच्चा राहतो.) पण कुटात तेल दाण्याच्या कणांतच अडकून राहतं, त्यामुळे कुकी रवाळ आणि कोरडी होते. बटरमधलं मोकळं तेल पिठाला माखतं, पीठ चिवट होत नाही आणि कुकी तोंडात विरघळते. दोन्हींची गंमत हवी असेल तर बटरमध्ये मूठभर जाडसर कूट मिसळावं. ओव्हन नसल्याची अडचणही मोठी नाही. जाड बुडाच्या जुन्या कढईत मीठ पसरून, आत स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवली की वीस-पंचवीस मिनिटांत कुकी भाजून होतात. ओव्हन असेल तर 170 अंशांवर साधारण पंधरा मिनिटं पुरतात. बाहेर काढताना त्या मऊच लागतात, गार झाल्यावर कडक होतात. कच्च्या राहिल्या असं समजून परत भाजायला ठेवलं की करपतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एका बाजूला माथेरान, दुसऱ्या बाजूला घाट चढून लोणावळा, दोन्हीकडे चिक्की, मग हा खटाटोप कशाला? दाणे आणि गूळ एवढंच पाहिलं तर चिक्कीला तोड नाही. पण चिक्की लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या दातांना जड जाते, कुकी जात नाही. मात्र ती पौष्टिक म्हणून कितीही खावी, हा दावा खोटा आहे. तूप, गूळ आणि तेल मिळून ती खाऊच ठरते, एक-दोन पुरेत.

खरी काळजी घ्यायची ती दाण्यांची आणि हवेची. या पट्ट्यात पावसाळ्यात हवा दमट असते. दाणे ओलसर राहिले तर बुरशी धरतात आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, कडवट किंवा कुबट दाणे निवडून टाकायचे, वाया गेले तरी चालेल. झालेल्या कुकी पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात, जुलै-ऑगस्टमध्ये तर थोड्याच कराव्यात. आणि सोसायटीत त्या विकायचा विचार असेल, तर अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या आणि पाकिटावर ‘शेंगदाणे आहेत’ हे ठळक छापा, कारण ज्यांना दाण्यांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी एक घासही धोक्याचा असू शकतो.