रानातली पहिली रात्र : तयारी कशाची करायची?

रानात एकट्याने रात्र काढता येईल का, हा प्रश्न वरच्या वर्गातली मुले शिक्षकांना हटकून विचारतात. सह्याद्रीतल्या गडावर मुक्काम करून आलेल्या कुणाच्या गोष्टी ऐकल्या की आपणही पाठीवर पिशवी टाकून डोंगरवाटेला लागावे असे त्यांना वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षकांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? 'धोका आहे, जाऊ नका' एवढ्याने मुलांचे समाधान होत नाही. धोका नेमका कशात आहे, त्यातला किती मोजता येतो आणि त्यावर उपाय काय, हे सांगितले तर तोच एक चांगला विज्ञानाचा धडा होतो.

प्रथम इथले रान कसे आहे ते पाहू. ताडोबाला 1955 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि 1986 साली झालेले अंधारी अभयारण्य जोडून 1995 साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा आणि बफर मिळून त्याचे क्षेत्र सुमारे 1,700 चौरस किलोमीटर आहे. पण वाघ काही नकाशातली रेघ पाहून थांबत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागात आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या वडसा भागातही ते आहेत. 2021 पासून छत्तीसगडमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळपही गडचिरोलीत वावरू लागला.

याच रानात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला हजारो माणसे जातात. वाघाच्या हल्ल्यात यांपैकी काहींचा जीव जातो. पान तोडायला किंवा फूल वेचायला वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणूनच ही माणसे गटाने जातात, एकमेकांना हाका देत राहतात आणि अंधार पडायच्या आत गाव गाठतात. ज्यांना हे रान सर्वांत जास्त कळते तीच माणसे एकट्याने आणि रात्री फिरायचे टाळतात, ही गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही.

मग पहिली रात्र कुठे काढायची? याचे उत्तर इथे तयार आहे. ते म्हणजे बुद्धपौर्णिमेचे मचाण. वनखात्याकडे आधी नाव नोंदवून पाणवठ्याकाठच्या मचाणावर दुपारी चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे. सोबत खात्याचा माणूस किंवा गाइड असतो. रात्रभर बोलायचे नसल्यामुळे एकटेपणाचा अनुभव मात्र पुरेपूर मिळतो.

हीच पौर्णिमा का?

वैशाखात नाले आटतात, म्हणून प्राणी उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर येतात. सागाची पाने गळालेली असल्याने नजर लांबवर पोचते. आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवून सूर्योदयाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रात्रभर उजेड मिळतो.

एके काळी या रात्रीच्या नोंदींवरून प्राण्यांची संख्या काढत. पण एकच चितळ दोन पाणवठ्यांवर मोजले जाऊ शकते, आणि जे प्राणी त्या रात्री आलेच नाहीत ते गणतीतून सुटतात. वाघांची गणना आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून वाघ ओळखता येतो. मचाणावरच्या रात्रीला आता 'निसर्गानुभव' म्हणतात, आणि ते नाव अधिक योग्य आहे.

पाणी किती घ्यावे?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्वचेपेक्षा उष्ण असली की शरीरातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतली उष्णता शरीरात येऊ लागते. अशा वेळी शरीर थंड ठेवायला घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो.

आता गणित करू. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे 100 वॅट, म्हणजे तासाला 360 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता जाते. 360 ला 2,400 ने भागले की तासाला 150 मिलिलिटर घाम लागतो. हवेतून आणि तापलेल्या जमिनीतून येणारी उष्णता धरली तर दुपारी हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हाच माणूस पाठीवर ओझे घेऊन चढण चढू लागला तर शरीरातच 400 ते 500 वॅट उष्णता निर्माण होते, आणि मग तासाला लिटरभर घाम सहज जातो. उन्हात चालणे आणि सावलीत बसणे यांत किती फरक आहे, हे यावरून कळते.

दुपारी तीन ते सकाळी आठ हे सतरा तास होतात. पहिले पाच तास 400 आणि पुढचे बारा तास 150 मिलिलिटर धरले तर 3.8 लिटर होतात. हाताशी थोडे जास्त असावे म्हणून माणशी पाच लिटर पाणी न्यावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएसची पाकिटे घ्यावीत. बाटलीला ओले फडके गुंडाळून ठेवले तर कोरड्या हवेत पाणी गार राहते. जे तत्त्व आपल्या त्वचेचे, तेच या फडक्याचे.

डोळे आणि कान

अंधारात गेल्यावर पहिली काही मिनिटे काही दिसत नाही. डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण खरा बदल दृष्टिपटलात होतो. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींतले ऱ्होडॉप्सिन उजेडात विघटित झालेले असते. ते पुन्हा पुरेसे तयार व्हायला तीस ते चाळीस मिनिटे लागतात. एकदा विजेरी किंवा मोबाइलचा पडदा डोळ्यांवर लखलखला की ही कमाई बहुतांशी वाया जाते. म्हणून विजेरीला लाल कागद लावावा. लाल प्रकाशाचा दंडपेशींवर फारसा परिणाम होत नाही. ऱ्होडॉप्सिन तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. त्याच्या अभावी रातांधळेपणा का येतो, हे इथे मुलांना सांगता येईल.

दृष्टिपटलाच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसतात. म्हणून अंधुक वस्तूकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते आणि किंचित बाजूला पाहिले की दिसते. रंगही दिसत नाहीत, कारण पूर्ण चंद्राचा उजेड भर दुपारच्या उन्हाच्या काही लाखांश असतो.

रात्री आवाज लांबून ऐकू येतात. दिवसा जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा उष्ण असते आणि उष्ण हवेत ध्वनी वेगाने जातो, म्हणून ध्वनिलहरी वर वळतात. रात्री जमीन निवते, थर उलटे होतात आणि लहरी खाली वळतात. त्यामुळे दूरवर ओरडलेले सांबर जवळच असल्यासारखे वाटते. सांबर, चितळ किंवा वानर असे ओरडते तेव्हा 'तू दिसलास' हे वाघ-बिबट्याला कळते आणि दबा धरण्यात अर्थ उरत नाही, असे अभ्यासक मानतात.

झोप, साप आणि डास

शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि तेव्हाच झोप सर्वांत अनावर होते. मचाणावरून पडण्याची भीती त्या वेळी जास्त. दोघे असतील तर पाळीने जागता येते, एकट्याला ते जमत नाही. एकट्याने न जाण्याचे हेही एक कारण आहे. रात्री कोणत्याही कारणाने खाली उतरायचे नाही, हा नियम पाळावा.

जमिनीवर झोपू नये, कारण मण्यार रात्री हिंडतो. त्याचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही जेमतेम दिसते. पोटात दुखणे आणि पापण्या जड होणे ही लक्षणे तासा-दोन तासांनी दिसू लागतात. अशा वेळी मांत्रिकाकडे न जाता लगेच प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

गडचिरोलीत हिवतापाचे प्रमाण राज्यात जास्त आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच. डास चावल्यावर ताप यायला साधारण आठ-पंधरा दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. तोवर आपण रानात गेलो होतो हे विसरायला होते. महिनाभरात ताप आला तर रक्त तपासून घ्यावे आणि रानात राहिल्याचे डॉक्टरांना सांगावे.

शाळेत काय करता येईल?

जायच्या आधी शाळेच्या गच्चीवर एक सरावाची रात्र काढावी. पाच-सहा विद्यार्थी आणि दोन शिक्षक पुरेत. संध्याकाळी मोजून पाणी न्यावे आणि सकाळी किती उरले ते पाहावे. दिवे मालवल्यावर दर पाच मिनिटांनी किती तारे दिसतात ते मोजून आलेख काढावा. डोळ्यांचे अंधाराशी जुळवून घेणे त्यात स्पष्ट दिसते. तासातासाला तापमान, ऐकू आलेले आवाज आणि कोण किती वाजता पेंगले, हेही लिहून ठेवावे. मोहफुले वेचायला जाणाऱ्या गावातल्या एखाद्या आजींना त्या रात्री बोलावून घ्यावे. रानात शिरताना त्या काय पाहतात, काय ऐकतात आणि कुठून परत फिरतात, हे मुलांनी त्यांना विचारावे.

प्रत्यक्ष निघताना एका कागदावर मचाणाचे ठिकाण, सोबत्यांची नावे आणि परतण्याची वेळ लिहून तो घरी द्यावा. रानात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही. ठरल्या वेळी कुणी परतले नाही, तर शोध कुठून सुरू करायचा हे त्या कागदावरून कळेल.