गडी बदलले, गिल्ड टिकली

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि नांदेड-लातूरच्या पोरांच्या हातात पहिल्यांदाच मनसोक्त इंटरनेट आले. त्याआधी चौघांना मिळून काउंटर-स्ट्राइक खेळायचे तर सायबर कॅफे गाठावा लागे. तास संपला की टोळी पांगायची. जिओनंतर तीच टोळी आपापल्या खोलीत बसून जमू लागली. तेव्हापासून आजवर खेळ बदलले, काहींवर बंदी आली, त्यातला एक नव्या नावाने परतला. खेळणारे तर दर उन्हाळ्यात बदलत राहिले. बहुतेक गट विझले, काही मात्र अजून रात्री जमतात. ते कशामुळे टिकले, याचा हा मागोवा.

या दोन शहरांत गट टिकणे मुळातच अवघड आहे. लातूरला राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालय, उद्योग भवनाजवळचा ट्यूशन एरिया. नांदेडला श्यामनगर, भाग्यनगर. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवची मुले अकरावीला इथे येतात, दोन वर्षे रूम करून राहतात, मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देतात आणि निघतात. एखादा रिपीट करतो, त्याचे तिसरे वर्ष. पुढे पुणे, संभाजीनगर, हैदराबाद. रूममेटांनी मिळून काढलेल्या गटाला म्हणूनच पहिल्या दिवसापासून मुदत असते.

सुरुवातीच्या काळात क्लॅश ऑफ क्लॅन्सचा जोर होता. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त पन्नास जण. त्यांत एक लीडर, हाताखाली को-लीडर, मग एल्डर. लीडरने खेळणे सोडले आणि को-लीडरही कुणाला केलेले नसले, की वॉर लागत नसे आणि जे खेळू इच्छित ते दुसरीकडे जात. ही अडचण जगभर होती, इतकी की लीडर फार काळ फिरकलाच नाही तर पद आपोआप खालच्या माणसाकडे जाण्याची सोय खेळ बनवणाऱ्यांनी केली.

२०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. चौघांचा स्क्वॉड, शंभर जणांचा सामना. ज्यांच्या फोनची रॅम कमी, त्यांनी फ्री फायर धरला. त्यातल्या गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे गट, खेड्यापाड्यांत पसरल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, क्लासेस आणि वसतिगृहे बंद झाली, मुले मुखेड, देगलूर, उदगीर, निलंग्याकडे परतली. नेटवर्कसाठी गच्चीवर, नाही तर शेताच्या बांधावर जाऊन ती खेळली. गट सर्वांत जिवंत होते ते याच दिवसांत, कारण कुणाला कुठे जायचेच नव्हते.

मग खरी कसोटी आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. त्याची जागा घेणारा बीजीएमआय आला जुलै २०२१ मध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. पण त्याचा मॅक्स अवतार चालू राहिला आणि जुन्याच आयडीने तिथे जाता येत होते, म्हणून त्या गिल्डना तुलनेने कमी फटका बसला. २८ जुलै २०२२ रोजी बीजीएमआयही प्ले स्टोअरवरून हटवला गेला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता ते खेळू शकत, पण नव्या मुलाला सरळ मार्गाने तो मिळत नव्हता. मे २०२३ मध्ये खेळ परतला.

ते दहा महिने फार बोलके होते. जुने गडी एकेक करून कमी होणारच होते. भरती थांबली आणि ज्या गटांची सारी भिस्त जुन्यांवर होती ते आटले. उलट ज्यांची ओळख खेळापलीकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, डिस्कॉर्डवर, चहाच्या टपरीवर टिकून होती, ते लुडो खेळले, फ्री फायर मॅक्सवर गेले आणि खेळ परतताच पुन्हा जमले.

जगाचा अनुभवही असाच आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये सुरू केलेला ‘मड’ हा अशा सामूहिक खेळांचा मूळपुरुष. ट्रबशॉ विद्यापीठ सोडताना काम रिचर्ड बार्टलच्या हाती देऊन गेला, म्हणून खेळ पुढे चालला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील गिल्डचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवतो, की गिल्ड ही फार नाजूक गोष्ट आहे आणि तिच्यात ये-जा अखंड चालू असते.

मग टिकते ते काय? आपल्या गावातल्या भजनी मंडळासारखे आहे हे. गाणारे बदलतात, पण एकादशी ठरलेली असते, पेटी कुणाच्या घरी हे ठरलेले असते आणि एखादे पोर टाळ धरून मागे बसलेले असते. गटातही असेच लागते. रात्री साडेनऊ म्हणजे साडेनऊ. कस्टम रूम, म्हणजे गटाचा खासगी सामना, लावणारा, आयडी-पासवर्ड टाकणारा एक जण, आणि तो नसेल तर दुसरा. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यातच एका स्क्वॉडमध्ये जागा, कारण पन्नास जणांच्या गर्दीत तो हरवतो आणि चौघांत रुजतो. नॉक होऊन पडलेल्या नवशिक्याला शिव्या न देता रिवाइव्ह करून उभा करणारा खेळाडू गटाला सगळ्यात मोलाचा असतो.

गट मोडतात तेही नेहमीच्याच कारणांनी. टिअर, म्हणजे खेळातला दर्जा, पाहूनच घ्यायचे, हरलेल्याला काढायचे, एंट्री फी लावून पैशांवर खेळायचे. पैसा आला की मैत्रीत हिशेब येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. प्रामाणिकपणे खेळणाऱ्या गटांसाठी ही चांगली गोष्ट आहे.

आणखी एक. परीक्षेच्या वर्षी जो बाजूला होतो, त्याला ‘गद्दार’ म्हणणारा गट त्याला कायमचा गमावतो. ‘जा, अभ्यास कर, निकालानंतर ये’ म्हणणाऱ्या गटात तो सुट्टीला परततो आणि सोबत धाकट्या भावाला आणतो.

म्हणून आज लीडर असलेल्या प्रत्येकाला एवढेच सांगणे आहे: तुम्हीही जाणार आहात. नीटचा फॉर्म भरण्याआधी अकरावीच्या एखाद्या पोराला को-लीडर करा, महिनाभर रूम त्याला लावू द्या, चुकला तर सांभाळून घ्या. मग निश्चिंत मनाने जा.