राज्य बदलताना विम्याचा हिशेब

न्यू जर्सीत दहा-पंधरा वर्षे काढलेले एखादे मराठी कुटुंब टेक्सस राज्यात ह्यूस्टनला बिऱ्हाड हलवावयाचे ठरविते, तेव्हा काय काय हिशेब मांडले जातात? नव्या नोकरीचा पगार किती, घर केवढ्याला पडेल, मुलांची शाळा कशी, आणि टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही म्हणून वर्षाकाठी किती डॉलर वाचतील. हे सारे कागदावर येते. विम्याची आठवण मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात होते. कर्ज देणारी बँक घराच्या विम्याचा कागद मागते, तेव्हा. मग दोन-चार कंपन्यांना विचारावयाचे, जो आकडा सर्वांत लहान तो पत्करावयाचा, आणि पुढच्या कामाला लागावयाचे.

ही रीत घातक आहे, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. विम्याचा हप्ता म्हणजे एका वचनाचे मोल. दोन ठिकाणची वचने निराळी असताना नुसत्या मोलांची तुलना करणे, हे धान्याचे शेर आणि कापडाचे वार एकमेकांतून वजा करण्यासारखे आहे. राज्य बदलले की वचनही बदलते. ते का व कसे बदलते, हे प्रथम पाहू.

आपल्या देशातील अनुभव येथे थोडी दिशाभूल करतो. पुण्याची मोटार बंगळूरला नेली, तर रस्त्याचा कर नव्याने भरावा लागतो आणि बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे ठेवावयाची असल्यास नोंदणीही बदलावी लागते. परंतु तिऱ्हाइताच्या नुकसानीबद्दलचा जो सक्तीचा विमा, त्याचा दर केंद्र सरकार ठरविते आणि तो साऱ्या देशाला एकच असतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे विम्याचा कारभार राज्यांच्या हाती आहे.

याला इतिहास आहे. १८६९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विमा हा आंतरराज्य व्यापार नव्हे. म्हणून त्यावर नियंत्रण राज्यांनी ठेवावे. पाऊणशे वर्षे हाच नियम चालला. १९४४ साली त्याच न्यायालयाने आपले मत फिरविले, तेव्हा राज्ये आणि कंपन्या दोघांचीही तारांबळ उडाली. लगेच पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून काँग्रेसने हे काम पुन्हा राज्यांकडे सोपविले. तेव्हापासून ५० राज्यांत ५० विमाखाती आणि तितकेच निरनिराळे नियम आहेत. कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी थेट मतदानाने कायदा केला. तेथे कंपनीला दर वाढविण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. टेक्ससमध्ये दर दाखल करून कंपनीला ते वापरावयास लागता येते. तीच कंपनी, तीच पाटी, तोच टेलिफोनवरचा गोड आवाज. तरीही सरहद्द ओलांडली की कागद नवा, अटी नव्या.

आता मोटारीकडे वळू. अपघात झाला तर जखमी माणसाचा दवाखान्याचा खर्च कोणी द्यावयाचा? या एका प्रश्नाला राज्यांनी दोन उत्तरे दिली आहेत. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत, चूक कोणाचीही असो, प्रत्येकाचा उपचारखर्च प्रथम त्याच्या स्वतःच्या विम्यातून भागतो. टेक्ससमध्ये ज्याची चूक त्याचा खर्च. वाहनधारकाने तेथे निदान किती विमा ठेवावा, तर एका जखमी माणसामागे ३० हजार डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींमागे ६० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी २५ हजार. अमेरिकेतील रुग्णालयांची बिले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ३० हजार डॉलर किती थोड्या दिवसांत संपतात हे सांगावयास नको. ती मर्यादा संपली की उरलेली रक्कम चूक करणाऱ्याच्या घरादारावर येऊ शकते.

यातील खरी गोम पुढे आहे. न्यू जर्सीत स्वतःच्या उपचारखर्चाचा भाग विम्यात कायद्यानेच येतो. टेक्ससमध्ये कंपनीने तो देऊ करावा असा नियम आहे, पण ग्राहक लेखी नकार देऊ शकतो. समोरच्या गाडीला विमाच नसेल, तर त्यावेळी उपयोगी पडणाऱ्या संरक्षणाचेही तसेच. ढीगभर कागदांवर सह्या करताना या दोन नकारांवरही सही होऊन जाते, आणि हप्ता कमी झाला म्हणून गृहस्थ खूष होतो. वस्तुतः हप्ता उतरलेला नसतो. टोपलीतला जिन्नस कमी झालेला असतो.

मोटारीचा हप्ता आणखीही काही गोष्टींवर ठरतो. कर्ज वेळेवर फेडण्याची पत पाहून दर लावण्यास बहुतेक राज्यांत मोकळीक आहे. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत मोटारविम्यापुरती ती नाही. म्हणून मॅसॅच्युसेट्स सोडणाऱ्या माणसाची पत मध्यम असेल, तर गाडी तीच आणि हात तोच असूनही नव्या राज्यात त्याला अधिक हप्ता पडू शकतो. याउलट उत्तम पत असणाऱ्याचा फायदाही होतो.

घराच्या विम्यात हवापाण्याचा भाग मोठा. टेक्ससमध्ये गारपीट, वादळ आणि किनाऱ्यावर चक्रीवादळ, अशी तिन्ही संकटे आहेत. तेव्हा न्यू जर्सीच्या मानाने हप्ता अधिक दिसला तर नवल मानू नये. पण इथेही हप्त्यापेक्षा तीन अटी अगोदर वाचाव्या.

पहिली अट, नुकसानीतील आपण स्वतः सोसावयाचा वाटा. तेथे त्याला डिडक्टिबल म्हणतात. अनेक राज्यांत ही रक्कम ठरीव असते, हजार वा दोन हजार डॉलर. वादळी राज्यांत मात्र वारा व गारा यांच्यासाठी ती विम्याच्या रकमेच्या शेकडेवारीत असते. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर. दोन हा आकडा लहान दिसतो; आठ हजार हा लहान नाही.

दुसरी अट, भरपाई नव्या छपराच्या किमतीची की जुन्याच्या? नव्याची असेल तर छप्पर नवे होते. झीज वजा करून देण्याची असेल, तर पंधरा वर्षांच्या छपराला जे मिळेल त्यात अर्धेही छप्पर होणार नाही. घराची खरेदीची किंमत आणि विम्याची रक्कम यांचीही गल्लत करू नये. खरेदीत जमिनीची किंमत असते, आणि जमीन जळत नाही. घर पुन्हा बांधावयास काय लागेल तेवढ्याचा विमा हवा.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, आणि आपल्या माणसांची फसगत येथेच होण्याचा संभव अधिक. भारतात २०२१ पासून घरांसाठी जी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे तिच्यात आग, भूकंप, वादळ आणि पूर ही सारी संकटे एकत्रच येतात. अमेरिकेत घराच्या सर्वसाधारण विम्यात पूर नाही आणि भूकंपही नाही. पुरासाठी १९६८ साली केंद्र सरकारने वेगळी योजना काढली. तिच्यात राहत्या घराच्या इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरपर्यंत संरक्षण मिळते. घराच्या कर्जाच्या निमित्ताने घेतला नसेल, तर हा विमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. आकाशात ढग दिसल्यावर तो घेऊन भागत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टन बुडाले, तेव्हा पाण्यात गेलेल्या बहुसंख्य घरांवर पूरविमा नव्हता. पुष्कळ घरे सरकारी नकाशावरील पूरपट्ट्याच्या बाहेर होती, म्हणून बँकेने तो मागितलाच नव्हता. बँकेने मागितला नाही याचा अर्थ लोकांनी ‘गरज नाही’ असा केला. परंतु बँक आपले कर्ज सांभाळते; आपला संसार आपणच सांभाळावयाचा असतो. पानशेतच्या १९६१ च्या पुराची आठवण ज्या पुण्याने जपली आहे, त्याला पाणी नकाशा पाहून येत नाही हे वेगळे सांगावयास नको.

नकाशावरील ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दही फसवा आहे. तो शंभर वर्षांतून एकदाच येईल असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शंभरात एक, असा अर्थ आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याचा संभव गणिताने सुमारे २६ टक्के, म्हणजे चारांत एकाहून किंचित अधिक येतो.

मग तुलना करावयाची कशी? एक साधा तक्ता करावा. डावीकडे ओळी: विम्याची रक्कम, स्वतः सोसावयाचा वाटा, छपराची अट, वगळलेली संकटे, पूरविम्याचा वेगळा हप्ता, मोटारीसाठी तिऱ्हाइताची मर्यादा, स्वतःचा उपचारखर्च, बिनविम्याच्या गाडीपासून संरक्षण. वरच्या बाजूला प्रत्येक कंपनीचा एक रकाना, आणि पहिला रकाना आपल्या आजच्या विम्याचा. सर्व ओळी सारख्या झाल्याशिवाय हप्त्याकडे पाहू नये.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार लाख डॉलरच्या घराला एक कंपनी वर्षाला ३,००० डॉलर मागते आणि वादळात आपला वाटा एक टक्का ठेवते. दुसरी २,४०० मागते, पण वाटा दोन टक्के. दुसरीत वर्षाला ६०० डॉलर वाचतात. पण मोठे वादळ एकदा झाले की ४,००० डॉलर अधिक पदरचे जातात. ही खोट भरून यावयास सहा वर्षे आठ महिने वादळावाचून गेले पाहिजेत. ज्याच्या गाठीशी शिल्लक आहे तो दुसरी घेईल. ज्याची सारी पुंजी घराच्या पहिल्या भरण्यात गेली आहे त्याने पहिली घ्यावी. दोघेही शहाणेच, कारण दोघांनी हिशेब करून निवड केली.

वेळेचा क्रमही सांभाळावा. घर पसंत करण्यापूर्वीच विम्याचा अंदाज मागवावा, सौदा झाल्यावर नव्हे. कारण बँक विम्याचा हप्ता बहुधा कर्जाच्या मासिक हप्त्यातच धरते आणि तो वाढला की सारा महिना वाढतो. टेक्ससमध्ये नव्या रहिवाशाला ३० दिवसांत गाडीची नोंदणी आणि ९० दिवसांत वाहनपरवाना करून घ्यावा लागतो. जुना विमा नवा सुरू होईपर्यंत तोडू नये. न्यू यॉर्कमध्ये तर गाडीची जुनी पाटी परत केल्यावरच विमा रद्द करावा लागतो. मागले घर विकावयाचे राहिले असेल, तर ते रिकामे असल्याचे कंपनीला कळवावे. ठरावीक दिवसांहून अधिक रिकाम्या राहिलेल्या घरात चोरटे वा नासधूस करणारे शिरले, तर पुष्कळ विमापत्रे भरपाई नाकारतात.

हे सारे करावयास एक रविवार पुरतो. प्राप्तिकराचे वाचलेले डॉलर आपण मोठ्या हौसेने मोजतो; त्यांतले थोडे विम्याकडे गेले तर ते वाया गेले असे मानू नये. मात्र ज्या संकटाची भीती आहे ते संकट विमापत्रात खरोखरच लिहिले आहे ना, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्यावे. अंगणात पाणी चढू लागल्यावर वाचलेल्या अटीचा उपयोग नाही. बिऱ्हाड हलविण्यापूर्वी वाचलेली अट घर राखते.